ओल्या डब्यातला कचरा खतापर्यंत कसा पोहोचतो

प्रश्न गोव्यातल्या पर्वरी येथील चाळीस सदनिकांच्या एका सोसायटीकडून आला आहे. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा केला जातो, पण गाडीत तो पुन्हा एकत्र होतो, अशी अनेक सभासदांची शंका आहे. सुक्यातले नेमके काय पुन्हा वापरात येते आणि ओल्यापासून तयार होणारे खत परसातल्या भाजीला घालण्याइतके सुरक्षित असते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. शिवाय सोसायटीने आवारात बांधलेल्या खताच्या टाकीला दुर्गंधी येते, विशेषतः पावसाळ्यात, आणि ती बंद करावी असा आग्रह काहींनी धरला आहे. कचरा प्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. या सगळ्या शंकांचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते: ओल्या कचऱ्यात ओल्याखेरीज दुसरे काय आणि किती शिरले, यावर पुढचे जवळपास सगळे ठरते. म्हणून उत्तर सलग देतो.

गाडीत कचरा मिसळला जातो का, या शंकेचे उत्तर ठिकाणागणिक बदलते. गोव्यात पणजी महानगरपालिका, तेरा नगरपालिका आणि १९१ ग्रामपंचायती अशा अनेक संस्थांकडे संकलनाची जबाबदारी विभागलेली आहे, त्यामुळे एका गावची शिस्त शेजारच्या गावात असेलच असे नाही. जिथे ओला कचरा रोज आणि सुका कचरा ठरलेल्या वारी उचलला जातो, किंवा गाडीच्या हौद्यात कायमचा आडवा पडदा असतो, तिथे वर्गीकरण टिकते. जिथे दाबयंत्र बसवलेली मोठी गाडी सगळेच एका पोटात घेते, तिथे तुमच्या दोन डब्यांचा उपयोग फाटकापाशीच संपतो. ही गोष्ट सोसायटीला स्वतः पडताळता येते. गाडी येते तेव्हा हौद्यात पाहावे, सुका कचरा पंचायतीच्या शेडमध्ये कधी आणि किती पोहोचला याची नोंदवही पाहायला मागावी, आणि मिसळ होत असल्यास तसे लेखी कळवावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी (एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक असे तीन प्रकार वेगळे करण्याची जबाबदारी जशी घरावर टाकली होती, तशी ते वेगळेच उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. त्यामुळे सभासदांची मागणी रास्तच ठरते.

पुढचा प्रवास असा आहे. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीतला कचरा मुख्यतः साळगावच्या पठारावरील प्रकल्पात जातो. तो २०१६ मध्ये दिवसाला १०० टन क्षमतेने सुरू झाला आणि पुढे ती क्षमता २५० टनांपर्यंत वाढवण्यात आली. दक्षिणेत काकोडा येथे २०२२ मध्ये १०० टनांचा प्रकल्प उभा राहिला. सुका कचरा आधी पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या शेडमध्ये निवडला जातो, त्याचे दाबून गठ्ठे बांधले जातात आणि मग तो पुनर्वापर करणाऱ्या कारखान्यांकडे रवाना होतो. ज्याचा काहीच पुनर्वापर होत नाही, पण जे जळू शकते, ते कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे पाठवले जाते. इस्पितळांतला कचरा कुंडईला आणि उद्योगांचा घातक कचरा पिसुर्लेला जातो. घराच्या डब्यापासून या प्रत्येक जागेपर्यंतच्या वाटा एकमेकींपासून अलग ठेवणे, हेच कचरा व्यवस्थापनाचे खरे काम आहे. यंत्रे त्या कामाला मदत करतात. ते काम ती स्वतःहून पार पाडू शकत नाहीत.

यंत्रे का पुरी पडत नाहीत, हे प्रकल्पात प्रत्यक्ष काय घडते ते पाहिले की ध्यानात येते. गाडी बंदिस्त दालनात रिकामी होते. दालन बंदिस्त ठेवून आतली हवा सतत ओढून शुद्ध केली जाते, म्हणजे वास बाहेर पसरत नाही. पहिले यंत्र पिशव्या फाडते. त्यानंतर ट्रॉमेल, म्हणजे भोके असलेला मोठा फिरता पिंप, कचरा घुसळत चाळतो. बारीक आणि ओले तेवढे खाली पडते, पिशव्या, कापड, बाटल्या असे मोठे आणि हलके पुढे सरकते. सरकत्या पट्ट्यावर लटकवलेले चुंबक लोखंड उचलते. काही प्रकल्पांत तिरप्या, हलत्या फळ्यांचे यंत्र असते. त्यावर चपट्या वस्तू वर चढतात आणि गोल, जड वस्तू खाली घरंगळतात. सर्वांत शेवटी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात आणि यंत्राला जे ओळखता येत नाही ते हाताने वेचतात. यातले प्रत्येक यंत्र आकार, वजन किंवा चुंबकत्व यांवरून निवड करते. आमटीत भिजलेला कागद, भाताने बरबटलेली दुधाची पिशवी आणि केळीचे साल यांचा आकार आणि वजन त्यांना सारखेच भासते. फुटलेल्या बिअरच्या बाटलीचे बारीक तुकडे तर ओल्या कचऱ्याबरोबर हमखास चाळणीखाली उतरतात, आणि किनारपट्टीच्या कचऱ्यात काचेचे प्रमाण मोठे असते. त्या पट्ट्यावर हातमोजे घालून उभ्या असलेल्या बाईच्या बोटाला जी सुई किंवा काच लागते, ती कोणत्या तरी घरातल्या ओल्या डब्यातूनच तिथवर आलेली असते. या कामगारांविषयी मी मुद्दाम लिहितो आहे, कारण वर्गीकरणाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो आणि मिसळीची सर्वांत मोठी किंमत तेच मोजतात.

आता खताच्या शुद्धतेबद्दल. यातला हिशेब समजून घेतला की दोन डबे का ठेवायचे, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. एक टन ओल्या कचऱ्यात साधारण ७०० किलो पाणीच असते. घन पदार्थ उरतो ३०० किलो. कुजताना त्यातला जवळपास निम्मा भाग कर्बवायू आणि वाफ होऊन निघून जातो. उरलेल्या १५० किलोंत पंचवीस टक्के ओलावा राहील असे धरले, तर हाती सुमारे २०० किलो खत येते, म्हणजे मूळ वजनाच्या पाचवा भाग. पण काच कुजत नाही, प्लास्टिक कुजत नाही, शिसे आणि कॅडमियम कुठे जात नाहीत. त्या एक टनात दहा किलो काच असेल, तर मूळ कचऱ्यात ती एक टक्का भरते आणि चाळून काढली नाही तर खतात पाच टक्के होते. कुजण्याची क्रिया घाण नाहीशी करते असा समज आहे; ती सेंद्रिय भाग कमी करते आणि असेंद्रिय भाग दाट करते. ओल्या डब्यात टाकलेली प्रत्येक नको ती वस्तू खतात पाचपट होऊन परत येते.

तयार खत चाळले जाते, हे खरे. नियमाप्रमाणे नव्वद टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे, त्यामुळे प्लास्टिकचे मोठे तुकडे अडतात. पण त्याहून बारीक झालेली काच आणि प्लास्टिकचा भुगा खतासोबतच जातो. जड धातूंवर मर्यादा आहेत: एक किलो खतात शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक चालत नाही. पाऱ्याची ही मर्यादा किती कडक आहे पाहा. जुन्या सीएफएल दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. तो ५ मिलिग्रॅम धरला आणि सगळाच्या सगळा खतात उतरला असे मानले, तर एका दिव्याने सुमारे ३३ किलो खत मर्यादेला टेकते. प्रत्यक्षात पाऱ्याचा बराच भाग वाफ होऊन हवेत जातो आणि दिवा फोडणाऱ्याच्या छातीत जातो, हेही चांगले नाही. म्हणूनच सेल, दिवे, औषधांच्या उरलेल्या गोळ्या, रंगाचे डबे आणि कीटकनाशकांच्या बाटल्या तिसऱ्या डब्यात हव्यात. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यायचे असतात. त्यांतला पाणी शोषणारा पदार्थ कुजत नाही, आणि पट्ट्यावर ते उघडे आले तर हात माणसाचाच लागतो.

मिसळलेला कचरा वर्षानुवर्षे एकाच जागी टाकत राहिले की काय होते, हे सोनसोडोने गोव्याला दाखवले आहे. मडगावच्या कचऱ्याचा तो ढीग मे २०१९ मध्ये पेटला तेव्हा धुराने आजूबाजूच्या गावांना दिवसच्या दिवस हैराण केले. अशा ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही, ओला भाग हवेविना कुजून मिथेन तयार होतो आणि त्याच ढिगात प्लास्टिक व कापड ठासून भरलेले असते. त्यामुळे वरची आग विझवली तरी आत धुमसत राहते. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता धरून ठेवतो, म्हणजे आग लागली नाही तरी असा ढीग निरुपद्रवी नसतो. जुना ढीग उपसून चाळण्याची पद्धत आता रूढ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्यातून निघणारी काळी माती दिसायला खतासारखी असली, तरी ती खत म्हणून भाजीला घालू नये. तिच्यात कोणत्या काळातले काय उतरले आहे, हे परीक्षणाशिवाय सांगता येत नाही. भराव किंवा रस्त्याकडेच्या शोभेच्या झाडांपुरताच तिचा वापर मर्यादित ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुक्या कचऱ्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे मुख्य नियम एकच आहे: ज्याला गिऱ्हाईक आहे तेच पुन्हा वापरात येते, आणि कोरडे व स्वच्छ असेल त्यालाच गिऱ्हाईक मिळते. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या, तेलाचे आणि शांपूचे अपारदर्शक डबे, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, वर्तमानपत्रे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांना कायम मागणी असते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून भंगारवाला शीतपेयाचा डबा कधी सोडत नाही. कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो आणि पाच ते सात फेऱ्यांनंतर तो निकामी ठरतो. तेलकट किंवा भिजलेला कागद मात्र पहिल्याच फेरीत बाद होतो. काच कितीही वेळा वितळवता येते, पण ती जड आणि स्वस्त असल्याने वाहतूक परवडत नाही. त्यामुळे अखंड बाटली परत घेऊन, धुऊन पुन्हा भरणे हा तिचा उत्तम उपयोग आहे. चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने प्लास्टिक आणि धातूच्या थरांची असतात, ती वेगळी करता येत नाहीत आणि शेवटी सिमेंटच्या भट्टीत जातात. भट्टीत माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि राख सिमेंटमध्येच सामावते, म्हणून उघड्यावर जाळण्यापेक्षा ही व्यवस्था फार चांगली. पण तिला पुनर्वापर म्हणणे बरोबर नाही. तो निरुपयोगी मालाचा शेवटचा उपयोग आहे. पीव्हीसी त्या भट्टीलाही नको असते, कारण त्यातले क्लोरीन यंत्रणेला आणि हवेलाही बाधते.

पणजीत निवासी वसाहतींमध्ये सुका कचरा सोळा प्रकारांपर्यंत वेगळा करण्याची व्यवस्था महानगरपालिकेने उभी केली. इतके प्रकार कशाला, असे प्रथम वाटते. निवडीचे काम शेडपासून आवारापर्यंत मागे आणले की माल ओला होत नाही, त्याला भाव मिळतो आणि शेडमधल्या कामगाराचा वेळ वाचतो, हे त्यामागचे कारण आहे. तुमच्या सोसायटीला सोळा खोक्यांची गरज नाही. कागद व पुठ्ठा, प्लास्टिक, काच व धातू, आणि उरलेले अशी चार खोकी आडोशाला ठेवलीत तरी मोठा फरक पडेल.

आता ओल्या कचऱ्याच्या दोन वाटा पाहू. साळगावसारख्या मोठ्या प्रकल्पात ओला भाग आधी दाबून किंवा दळून लगदा केला जातो आणि हवाबंद टाकीत सोडला जातो. तिथे जिवाणूंचे गट एकामागून एक काम करतात: काही मोठ्या रेणूंचे तुकडे करतात, काही त्यांची आम्ले बनवतात आणि शेवटचे त्या आम्लांपासून मिथेन तयार करतात. हे शेवटचे जिवाणू फार नाजूक असतात. टाकीचे तापमान ३५ ते ३८ अंशांच्या आसपास आणि पीएच सातच्या जवळ टिकला नाही, तर ते मंदावतात, आम्ले साचतात आणि टाकी अक्षरशः आंबते. ती पुन्हा रुळावर आणायला आठवडे लागू शकतात. चांगल्या ओल्या कचऱ्याच्या एका टनातून साधारण ८० ते १०० घनमीटर वायू मिळतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि एका घनमीटरातून ढोबळमानाने दोन युनिट वीज निघते. उरलेला गाळ निथळवून, हवेशीर ढिगात पिकवून त्याचे खत होते. गोव्याच्या संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मासळीचा भाग एकदम जास्त आला तर त्यातल्या नत्रामुळे अमोनिया वाढतो आणि मिथेन बनवणारे जिवाणू गुदमरतात. म्हणून मासळी बाजाराचा माल भाजीपाल्याच्या मालात मिसळून, थोडा थोडा सोडावा लागतो. वाळू आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या टाकीच्या तळाशी बसतात आणि तिची क्षमता हळूहळू खाऊन टाकतात.

दुसरी वाट हवेच्या साहाय्याने कुजवण्याची आहे, आणि तुमची टाकी याच वाटेवरची आहे. मोठ्या प्रमाणावर लांबट ढीग घालतात, दीड ते दोन मीटर उंचीचे, आणि ते ठरावीक दिवसांनी उलटतात. पहिल्या काही दिवसांत साखर आणि पिष्ट खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि ढीग तापू लागतो. ४०-४५ अंशांच्या वर उष्णताप्रेमी जिवाणू ताबा घेतात, आणि याच टप्प्यात रोगजंतू व तणांचे बी मरते. उघड्या ढिगात ५५ अंशांहून अधिक तापमान पंधरा दिवस राहावे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलटला जावा, हा जंतूंच्या नाशासाठी जगभर मान्य असलेला दंडक आहे. तापमान ७० अंशांकडे जाऊ लागले तर ढीग उलटून ते खाली आणावे लागते, नाहीतर काम करणारे जीवही मरतात. त्यानंतर ढीग निवतो, बुरशी आणि ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू धरणारे जिवाणू) लिग्निनसारखे चिवट पदार्थ हळूहळू फोडतात आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तो वास ढिगाला येऊ लागतो. हा पिकण्याचा काळ पुष्कळदा घाईने आटोपला जातो. अर्धवट पिकलेले खत मातीत गेले की कुजण्यासाठी मातीतलेच नत्र ओढते, आणि रोप पिवळे पडते. शहरी खताला वाईट म्हणणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात कच्चे खत आलेले असते.

तुमच्या टाकीच्या वासाचे निदान यातच आहे. कुजवणाऱ्या जीवांना कर्ब आणि नत्र ठरावीक प्रमाणात लागतात: एका भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब. स्वयंपाकघरातल्या भाजीच्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण पंधरा-वीस असते, मासळीच्या कचऱ्यात चार-पाच, आणि वाळलेल्या पानांत पन्नासच्या आसपास किंवा त्याहून अधिक. गोव्याच्या ताटात मासळी रोजची आहे, म्हणजे आपल्या ओल्या डब्यात नत्र मुळातच जास्त असते. पुण्यातल्या एखाद्या शाकाहारी सोसायटीसाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी लागू पडणार नाही. नत्र जास्त झाले की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. पाणी जास्त झाले, हवा अडली, की कुजक्या अंड्याचा वास येतो. तुमच्या तक्रारीत पावसाळ्याचा उल्लेख आहे, म्हणजे दोन्ही कारणे एकत्र असण्याची शक्यता मोठी आहे.

उपाय सुक्या पानांचा आहे, आणि तो पावसाळ्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. फेब्रुवारी ते मे या काळात आंबा, काजू, फणस यांची पाने आवारात मुबलक पडतात, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ती रोज सकाळी जाळली जातात. ती जाळू नयेत. गोण्यांत भरून कोरड्या जागी साठवावीत. चाळीस घरांतून रोज साधारण वीस ते तीस किलो ओला कचरा निघतो असे धरले, तर एका बादली ओल्या कचऱ्याला किमान एक बादली कोरडी, चुरडलेली पाने लागतील, आणि मासळी असेल त्या दिवशी दीड-दोन बादल्या. चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी हा साठा मोठा होतो, म्हणून जागेची सोय आधीच करावी. पाने कमी पडली तर नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा लाकडाचा भुसा चालतो. त्यांचा कर्ब सावकाश सुटतो, म्हणून ते पानांबरोबर मिसळावेत. मासळीची डोकी, खवले, कोलंबीची साले ढिगाच्या मधोमध, गरम भागात पुरावीत आणि वर पानांचा वीतभर थर द्यावा. वर उघडी ठेवली तर मांजरे, कावळे आणि माश्या एकाच दिवसात पोहोचतात. शिंपल्या, करवंट्या आणि झावळ्यांचे देठ टाकीत घालू नयेत. शिंपल्या कुटून वेगळ्या ठेवल्यास आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुन्याचा पुरवठा करतात.

ओलावा पन्नास ते साठ टक्के हवा, आणि तो मोजायला उपकरण लागत नाही. मूठभर माल घट्ट दाबावा: बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाने घालावीत, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडावे. टाकी चिऱ्याची असेल तर चिऱ्यांमध्ये फटी सोडाव्यात, तळाला विटांचे तुकडे किंवा फांद्यांचा थर द्यावा, आणि वर पत्रा असा घालावा की पागोळ्या टाकीपासून हातभर दूर पडतील. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छप्पर नसलेली टाकी जुलैत खत न करता फक्त काळे पाणी गाळत राहील, आणि ते पाणी विहिरीकडे जाऊ देणे धोक्याचे आहे. टाकीचा आकार किमान एक घनमीटर ठेवावा, कारण त्याहून लहान ढीग उष्णता धरून ठेवू शकत नाही. आठवड्यातून एकदा माल वरखाली करावा. टाकीत राखाडी-तपकिरी, जाड अळ्या दिसल्या की सभासद घाबरतात. बहुतेक वेळा त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात, त्या कचरा वेगाने खातात, रोग पसरवत नाहीत आणि कोरड्या पानांचा थर वाढवला की कमी होतात. गांडुळे सोडायची असतील तर ढीग पूर्ण निवल्यावर सोडावीत. ३५ अंशांच्या वर ती तग धरत नाहीत.

चतुर्थीचा आठवडा वेगळा धरावा लागतो. त्या दिवसांत निर्माल्य, केळीची पाने आणि माटोळीतून (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीतून) उतरवलेली फळे, सुपाऱ्या, रानफुले आणि डहाळ्या एकदम येतात. हा सगळा खतासाठी उत्तम माल आहे. फक्त माटोळी बांधताना वापरलेली प्लास्टिकची दोरी, तारा, चमकी आणि फुलांच्या हारांतला नायलॉनचा धागा आधी काढून घ्यावा, कारण तो टाकी ढवळताना फावड्याला गुंडाळतो आणि खतात वर्षानुवर्षे सापडत राहतो.

ओला कचरा कशात बांधून द्यावा, हेही विचारले आहे. कशातही बांधू नये. डब्याला वर्तमानपत्र अंथरावे आणि डबा सरळ गाडीत रिकामा करावा. कुजणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या औद्योगिक प्रकल्पातल्या उष्णतेत, काही आठवड्यांत मोडतील अशा बनवलेल्या असतात. सोसायटीच्या टाकीत त्या बराच काळ तशाच राहतात, आणि पट्ट्यावरच्या कामगाराला त्या आणि साध्या प्लास्टिकच्या पिशव्या यांत फरक करता येत नाही, म्हणून तो दोन्ही बाहेर काढतो. साध्या पातळ पिशव्यांचा प्रश्न तर उद्भवायलाच नको, कारण ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांना देशभर मनाई आहे.

राहिला खत वापरण्याचा प्रश्न. स्वतःच्या टाकीतले, काच-प्लास्टिकविरहित कचऱ्यापासून बनवलेले आणि नीट पिकलेले खत भाजीला निश्चिंतपणे घालावे. ते पिकले की नाही, हे दोन चाचण्यांनी कळते. थोडे खत ओलसर करून बंद पिशवीत सावलीत आठवडाभर ठेवावे; उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चे आहे. दुसरी चाचणी तांबड्या भाजीच्या किंवा मुळ्याच्या बियांची: एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत माती व खत यांचे मिश्रण घेऊन सारख्याच बिया पेराव्यात. खताच्या कुंडीतली उगवण कमी असेल तर खत आणखी महिनाभर पिकू द्यावे. प्रकल्पातले खत विकत घेताना पिशवीवर कर्ब-नत्र गुणोत्तर वीसच्या आत, पीएच ६.५ ते ७.५ आणि जड धातूंचा अहवाल आहे का, हे पाहावे आणि मूठभर खत पांढऱ्या कागदावर पसरून काचेची चमक दिसते का, ते तपासावे.

खताकडून किती अपेक्षा ठेवावी, हेही सांगायला हवे. शहरी खतात नत्र किमान ०.८ टक्के आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के असावे असे प्रमाण आहे. म्हणजे १०० किलो खतातून ८०० ग्रॅम नत्र मिळते, तर तितकेच नत्र पावणेदोन किलो युरियात असते. खताचा खरा लाभ दुसरा आहे. आपली जांभी माती पावसात धुऊन निघालेली, आम्लधर्मी आणि सेंद्रिय कर्ब कमी असलेली असते. पिकलेले खत तिच्यात ओलावा धरून ठेवते आणि दिलेले अन्नद्रव्य वाहून जाऊ देत नाही. कुंडीत एक भाग खत आणि तीन भाग माती पुरे. वाफ्यात वीतभर खोलीपर्यंत मिसळावे. माडाला दर वर्षी पंचवीस ते पन्नास किलो खत आळ्यात पसरून मातीने झाकावे आणि ते पावसाच्या सुरुवातीला, जोराच्या सरी सुरू होण्याआधी द्यावे, नाहीतर वर्षभर जपलेला माल पहिल्याच मुसळधार पावसात गटारात जाईल.